शनिवारचा जादा तास

नेपाळला गेले तेव्हा मला चोविसावं लागलं होतं. डी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती आणि शिक्षकभरती बंद होती. मी यवतमाळला आत्याकडे राहायचे आणि लोहाऱ्याच्या बाजूला एका छोट्या खासगी शाळेत तिसरीला शिकवायचे. एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं तिथे यायची. दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा होता. पलीकडे पाढे सुरू झाले की माझी मुलं माझं सोडून त्यांच्यात सूर मिळवायची. मी वाईट शिकवत नव्हते. पण उद्या आले नाही तर कुणाचं काही अडणार नाही, असं मला रोज घरी जाताना ऑटोत वाटायचं.

त्या उन्हाळ्यात नेपाळात भूकंप झाला. महिनाभराने डी.एड.च्या आमच्या मॅडमचा फोन आला. नागपूरची काही मंडळी मदतीचं सामान घेऊन तिकडे गेली होती. डोंगरातल्या गावांत शाळा पडल्या होत्या, बांबू आणि पत्र्याचे वर्ग उभे राहत होते, पण शिकवायला माणसं कमी होती. तीन महिने राहू शकतील असे शिक्षक हवे होते. हिंदीवर भागेल म्हणाल्या. मी विचार करून सांगते म्हटलं, पण फोन ठेवायच्या आधीच माझं ठरलं होतं.

घरी सांगायला महागावला गेले. बाबा पंचायत समितीत शिपाई, आई अंगणवाडी सेविका. ती ओसरीत बसून पोषण आहाराचं रजिस्टर भरत होती. मी सगळं सांगितलं तरी तिने मान वर केली नाही.

"काहून जाऊन राह्यली?" तिने विचारलं.

"तिथल्या शाळा पडल्या, आई. शिकवाले कोनी नाही."

"शिकवाले त इथंही कोनी नाही."

खरं उत्तर होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. कुणाला तरी माझी गरज असायला हवी होती. आपण गेलो नाही तर चालणारच नाही, अशा ठिकाणी एकदा तरी जायचं होतं. बाबांना भीती वाटत होती की पुन्हा जमीन हलली तर काय. शेवटी आईनेच विषय मिटवला. बुद्धाच्या देशात चालली, जाऊ द्या, म्हणाली, आणि माझ्या पिशवीत तिळाच्या चटणीचा डबा ठेवला. आत्याला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही की परदेशात जायला पासपोर्ट लागत नाही, मतदान ओळखपत्रावर काम होतं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सीमेपर्यंत बस, मग पलीकडे आणखी दोन बसा, आणि शेवटी तीन तासांची चढण. आमच्या गटातले बाकीचे खालच्या गावात थांबले. वरच्या गावाला एकच शिक्षक हवा होता, म्हणून मी एकटी वर गेले. डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती, आणि जिथे घरं असायला हवी होती तिथे दगडांचे ढीग आणि शेजारी पत्र्याच्या झोपड्या. शाळेचाही तसाच एक ढीग होता. त्याच्याकडे पाठ करून नवा वर्ग बांधला होता.

मुख्याध्यापक वयस्क होते. तरुणपणी दिल्लीत काम केल्यामुळे त्यांचं हिंदी चांगलं होतं. त्यांनी मला तिसरी, चौथी आणि पाचवी एकत्र दिली. पाचवीत फक्त चार मुली होत्या. बोलता बोलता ते म्हणाले, शाळेतली सहा मुलं गेली. मी मान खाली घातली. मला वाटलं, आपापल्या घरांत गेली असतील. मी विचारलं नाही, आणि त्यांनाही वाटलं असेल की हिला खालीच कुणीतरी सांगितलं आहे.

माझी राहायची सोय एका बाईकडे केली होती. पस्तिशीची असेल. एकटीच होती, नवरा वारला होता. गावातलं लहान-मोठं प्रत्येक माणूस तिला 'मिस' म्हणायचं, कारण ती याच शाळेत बारा वर्षं शिकवत होती. आता मात्र ती शाळेत येत नव्हती. गवत कापायची, मक्याच्या शेतात राबायची, दुसऱ्यांच्या झोपड्यांना पत्रे ठोकायला जायची. मी तिला दीदी म्हणू लागले. ती मला बहिनी म्हणायची. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. तिचं हिंदी टीव्हीवरून शिकलेलं होतं, माझं आमच्या वऱ्हाडी वळणाचं. दोघींचं छान जमलं. ती मक्याच्या पिठाचा ढिंडो करायची, आपल्या पिठल्याहून घट्ट, त्याबरोबर मी आईची चटणी वाढायचे. चटणी आठ दिवसांत संपली.

सुरुवातीला माझ्या बऱ्याच चुका झाल्या. पहिल्या दिवशी मी मुलांना चपला बाहेर काढायला सांगितल्या, आमच्याकडे काढतात तशा. एकानेही काढली नाही. मला वाटलं, भाषा कळली नाही, म्हणून मी स्वतःच्या काढून दाखवल्या. तरी नाही. दुपारी वाऱ्याने पत्रा खडखडला आणि क्षणात सगळा वर्ग बाहेर. मी अनवाणी आत उभी. तेव्हा कळलं की पायात चप्पल असली तर पळता येतं. त्या दिवसापासून मीही घालूनच शिकवू लागले. तिथे सुट्टी शनिवारी असते आणि रविवारी शाळा, हे कळूनही पहिल्या रविवारी मी सकाळी केस धुवून निवांत बसले होते, आणि तीन मुलं मला बोलवायला दारात उभी राहिली. अशा चुकांना सगळे हसायचे. हसण्यासारखं गावात फार काही नव्हतं, म्हणून मलाही बरं वाटायचं.

संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की दीदी शेजारी येऊन बसायची. नाव न बघता नुसत्या अक्षरावरून सांगायची, ही अमक्याची वही. कोण सात आणि नऊमध्ये गोंधळतं, कोण शेजाऱ्याचं बघून लिहितं, सगळं तिला पाठ होतं. मी तिच्या मागेच लागले. तुम्ही शाळेत या, मुलांना तुमची गरज आहे, म्हणायचे. ती हसून दुसरं काहीतरी बोलायची. एकदा तर मी तिला चक्क व्याख्यान दिलं. म्हटलं, भीती सगळ्यांनाच वाटते दीदी, पण शिक्षकाने धीर सोडला तर मुलांनी कुणाकडे बघायचं? ती वही मिटून चुलीजवळ गेली. मला तेव्हा चोविसावं चालू होतं आणि गावात येऊन जेमतेम महिना झाला होता. ते वाक्य आजही आठवलं की मला बसल्या जागी घाम फुटतो.

पाचवीच्या त्या चार मुली हुशार होत्या, पण अपूर्णांकांत कच्च्या होत्या. तिन्ही वर्ग एकत्र असल्यामुळे मला त्यांच्याकडे पाहायला वेळच मिळायचा नाही. मग एका शुक्रवारी, तिथली अर्ध्या दिवसाची शाळा सुटताना मी त्यांना सांगितलं, उद्या सकाळी या, दोन तास जादा घेऊ. आमच्याकडे हे सर्रास चालतं. शिष्यवृत्तीसाठी रविवारी जादा तास म्हणजे चांगल्या शिक्षकाची खूणच. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "शनिबार?" मी हसून म्हटलं, हो, शनिवार, एका शनिवारने काय होतं. मुख्याध्यापक त्या दिवशी कामासाठी खाली गेले होते. दीदीला मी सकाळी एवढंच सांगितलं, की शाळेत जाऊन येते. तिला वाटलं, सामान आवरायला जाते आहे.

चौघी आल्या. बाईंनी बोलावलं की यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. पण त्या रोजच्या जागी बसल्या नाहीत, दाराच्या अगदी तोंडाशी बसल्या. मी फळ्यावर एक भाकरी काढली, तिचे चार भाग केले, एक भाग पुसला आणि विचारलं, किती उरली. चौघीही दाराबाहेर बघत होत्या. मला थोडा रागही आला.

वीस मिनिटं झाली असतील. खालच्या शेतातून एक बाई चढण चढत धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात गवत कापायचा विळा. ती ओरडली नाही. विळा बाहेर टाकला, आत वाकून आपल्या मुलीला उचललं. दहा-अकरा वर्षांची मुलगी, कडेवर मावण्यासारखी नव्हती, पाय खाली लोंबत होते. तशीच तिला कडेवर घेऊन ती चालू लागली. तिच्यामागे आणखी एक आली. मग एक म्हातारा आपल्या नातीला न्यायला आला. चौथीला कुणी नेलं ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी काही विचारलं नाही. वर्ग रिकामा झाला.

सगळ्यांत शेवटी एक बाई आली. ती धापा टाकत दारात थांबली आणि तिने आत सगळीकडे पाहिलं, कोपऱ्यातसुद्धा. तिच्याशी मी अधूनमधून पाणवठ्यावर बोलायचे. तिचं कुणीही माझ्या वर्गात नव्हतं. थोडा वेळ उभी राहून तीही निघून गेली.

मग दीदी आली. तिला वाटेत कुणीतरी सांगितलं असणार. ती वर्गात शिरली नाही, बाहेरच दगडावर बसली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, झालं काय? माझं काय चुकलं?

"भूकंप के दिन भी बच्चों को मैंने ही बुलाया था, बहिनी," ती म्हणाली. "शनिवार को."

मग तिने सगळं सांगितलं. शाळेचं नवं वर्ष सुरू होऊन काही दिवसच झाले होते. पाचवीत दहा मुलं आली होती. खालच्या शहरातल्या मोठ्या शाळेत जायची परीक्षा त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तरी जमेल असं तिला वाटत होतं, म्हणून तिने सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचा जादा तास ठेवला. शाळेचा नळ आटला होता. तिने विचारलं, तहान कुणाला लागली आहे? याच चार मुलींनी हात वर केले. त्यांना घेऊन ती झऱ्यावर गेली. बाकी सहा जणांना तिने पाढे लिहायला लावले होते. झऱ्यावर घागर भरत असतानाच जमीन हलली. त्या वेळी गावातली बहुतेक माणसं मका पेरायला शेतात होती, लहान मुलंही त्यांच्यासोबत बांधावर. घरं सगळी पडली, पण माणसं वाचली. वर्गातली ती सहा मुलं तेवढी गेली.

"छुट्टी का दिन था," ती म्हणाली. "मैं न बुलाती तो वो भी खेत में होते."

महिनाभर मी या बाईला धीर कसा धरावा ते शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शाळेत एकही मूल आलं नाही. सकाळी मी मुकाट्याने पिशवी भरायला घेतली. दीदीने ते पाहिलं आणि म्हणाली, आधी माझ्याबरोबर चल. ती मला त्या चारही मुलींच्या घरी घेऊन गेली. प्रत्येक दारात तिने त्यांच्या भाषेत सांगितलं, की हिला माहीत नव्हतं. मी हात जोडून उभी राहायचे. विळा घेऊन धावत आलेली बाई माझ्यापेक्षा जास्त ओशाळली होती. तिने मला बळेच बसवून ताक दिलं. सगळं झाल्यावर मला वाटलं, आता घरी जायचं. पण दीदी वरच्या वाटेला लागली आणि एका झोपडीपाशी थांबली. थांबली ती थांबलीच, पुढे जाईना. आतून ती शेवटची बाई बाहेर आली, वर्गाच्या दारात उभी राहिली होती ती.

तिने आम्हाला चटई टाकली. स्वतः मक्याची कणसं सोलायला बसली. मग ती दीदीशी बोलू लागली, खाली बघत, हात न थांबवता. मला थोडेफारच शब्द कळत होते. एकदा दीदीने तोंडावर हात नेला आणि तसाच ठेवला. मग तिने एक कणीस उचललं. मीही उचललं. आम्ही तिघी टोपली भरेपर्यंत सोलत बसलो.

उतरताना दीदीने मला सांगितलं ती काय म्हणाली ते. म्हणाली होती: "तीन महिने झाले, तू माझ्या दारात आली नाहीस. सगळ्यांचे पत्रे ठोकलेस, माझे नाही. त्या दिवशी माझा मुलगा जायला तयार नव्हता, सुट्टी आहे म्हणून रडत होता. मी रागावून पाठवला. तू बोलावलंस, पण पाठवलं मी. हे मी घरात कुणाला सांगू शकत नाही. तुलाच सांगायचं होतं."

मंगळवारपासून मुलं परत येऊ लागली. मला वाटलं होतं, आता दीदीही येईल. एक दिवस आलीही. अंगणाच्या कडेपर्यंत आली, मुलांनी मिस मिस म्हणून गलका केला, आणि ती तिथूनच परत फिरली. नंतर मी तिला कधी आग्रह केला नाही. वह्या मात्र ती शेवटपर्यंत तपासत राहिली. आणि दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्या वरच्या घरी जाऊन बसू लागली.

भाद्रपद संपता संपता मी परत आले. महागावच्या विहारात माझा सत्कार झाला. जयभीम, टाळ्या, गुच्छ, सगळं झालं. बोला म्हणाले तेव्हा मी डोंगरांबद्दल बोलले, चपलांची गोष्ट सांगितली, लोक हसले. तेवढ्यावरच मी खाली बसले. कुणीतरी म्हणालं, पोरीने नाव काढलं. घरी येऊन मी दोन दिवस नुसती झोपून होते. तिसऱ्या दिवशी आई अंगणवाडीतून आली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या उशाशी बसली. काय झालं ते विचारलं नाही, नुसती बसली. मग मी सगळं सांगितलं. व्याख्यानसुद्धा.

तीस वर्षं आई दुसऱ्यांची लेकरं सांभाळत आली आहे.

"त्या बाईले फोन करत जाजो," ती म्हणाली. "समजावू गिमजावू नोको. जेवली काय, एवढंच इचारजो."

मी तसंच केलं. सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला. पुढच्या वर्षी शाळेची पक्की इमारत झाली, त्याच महिन्यात दीदीने राजीनामा दिला. मग ती आखाती देशात गेली, एका मोठ्या घरी स्वयंपाकाला. इथे मला मिस म्हणणारं कुणी नाही, असं एकदा म्हणाली. ते तिला बरं वाटत होतं की वाईट, ते मला आवाजावरून कळलं नाही.

मधल्या काळात भरती निघाली आणि मला महागाव तालुक्यातच जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. रविवारचे जादा तास मलाही घ्यावेच लागतात. मी ते बाहेर, लिंबाच्या झाडाखाली घेते. उन्हाळ्यात मुलं कुरकुरतात, हेडमास्तर विचारतात, वर्ग असताना हे काय? मी म्हणते, हवा चांगली असते.

दोन वर्षांपूर्वी दीदीचा फोन आला. आवाज वेगळाच होता. तिला गावाहून वरच्या घरातल्या त्या बाईचा फोन आला होता. भूकंपानंतर दोन वर्षांनी त्या बाईला मुलगी झाली होती. ती शाळेच्या वयाची होऊनही घरीच होती. नवरा म्हणत होता, सासू म्हणत होती, तरी बाई पाठवत नव्हती. शेवटी तिने परदेशात दीदीला फोन लावून विचारलं, पाठवू का?

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"पाठव म्हटलं," दीदी म्हणाली. "म्हटलं, आणि फोन ठेवून दिला. मग दिवसभर माझ्याने काही रांधवलं नाही. मालकीण ओरडली."

ती रडत होती. मी तिला समजावलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, जेवलात का. नाही म्हणाली.

त्यानंतर आणखी तीन-चार वेळा बोलणं झालं. गेल्या पावसाळ्यापासून तिचा नंबर लागत नाही. मुख्याध्यापक वारले, त्यांच्या मुलाकडे चौकशी केली, तर तो म्हणाला, गावी आलेली नाही. तिने काम बदललं असेल, नंबर बदलला असेल. मी महिन्यातून एकदा लावून बघते. एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगते, मग इंग्रजीत सांगते, आणि फोन बंद होतो.